आत्या, आधार दाखवून 'चॅलेंज व्होट' मिळत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज परत आला. २०१९ च्या निवडणुकीत आला होता, २०२४ मध्ये तर दोनदा आला, आणि आता पुन्हा. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मतदान केंद्रावर गेलात आणि यादीत नाव नसेल, तर आधार कार्ड दाखवा, 'कलम ४९ अ' खाली 'चॅलेंज व्होट' मागा आणि मत द्या. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल, तर 'टेंडर व्होट' मागा. एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले, तर तिथे फेरमतदान होतं. आमच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजला आणखी शेपूट आहे: नोटाला (म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही' या बटणाला) सगळ्यात जास्त मतं पडली की निवडणूक रद्द. आणि शेवटी, ही माहिती आजवर दडवून ठेवली होती, इंटरनेटमुळे ती सामान्य माणसाच्या हाती आली, तेव्हा जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा, हीच आपली ताकद.

एरवी असले मेसेज मी न वाचता पुढे सरकवते. हा नाही सरकवणार, कारण या मेसेजमुळे माझ्या आत्याचं मत बुडालं.

आत्या एकाहत्तर वर्षांची. काका गेल्यावर सांगली सोडून पुण्याला मुलाकडे राहायला आली. २०२४ च्या गणपतीत आम्ही सगळे तिच्याकडे जमलो होतो, तेव्हा मी सहज विचारलं, "आत्या, तुझं नाव इकडच्या यादीत आणलंस का?" तिनं फोन पुढे केला. "अगं, आता त्याची गरज नाही. हे बघ, आधार दाखवलं की झालं." मोदकांची गडबड होती, मीही विषय सोडून दिला. ती माझी चूक, ती मला आजही टोचते. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. म्हणजे त्या दिवशी हातात महिनाभराहून जास्त वेळ होता. पाच मिनिटांत ऑनलाइन अर्ज भरून झाला असता.

२० तारखेला सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून गेली. बाहेरच्या टेबलावर बसलेल्या माणसानं यादी तीनदा चाळली. नाव नाही. मग ती आत जाऊन केंद्राध्यक्षांना फोनवरचा मेसेज दाखवायला लागली. ते सौम्यपणे म्हणाले, "आजी, असं काही नसतं." मागे रांग खोळंबलेली. कोणीतरी "चला, चला" म्हणालं. ती घरी आली आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून एकही मतदान न चुकवलेली बाई.

म्हणून एकेक दावा घेते.

"यादीत नाव नसेल तर आधार दाखवून चॅलेंज व्होट मागा"

हा सगळ्यात घातक आहे, म्हणून यावरच जास्त बोलणार आहे.

निवडणूक संचालन नियम, १९६१ हे नियम नेटवर फुकट वाचायला मिळतात. मेसेज पाठवणाऱ्या एकानंही ते उघडले नसणार. मेसेजमधलं 'कलम ४९ अ' म्हणजे या नियमांतला ४९ अ असेल, तर तो मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. यंत्र कसं असावं, एवढंच. त्यात मतदाराचा आक्षेप नाही, आधार नाही, काही नाही.

'चॅलेंज' हा शब्द आला तो ४९ जे या नियमातून. आणि तो नियम वाचला की हसावं की रडावं कळत नाही, कारण त्यात चॅलेंज करणारा मतदार नसतोच. चॅलेंज करतो तो उमेदवाराचा पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रात बसलेला त्याचा प्रतिनिधी, आणि ते तुमच्याविरुद्ध! "हा माणूस सांगतो तो नाही, दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला आलाय" असा आक्षेप. त्यासाठी त्यानं केंद्राध्यक्षांकडे रोख दोन रुपये भरायचे. मग केंद्राध्यक्ष तुम्हाला तोतयेगिरीच्या शिक्षेची समज देतात, मतदार यादीतली ती नोंद तुम्हाला पूर्ण वाचून दाखवतात, "ही व्यक्ती तुम्हीच का?" असं विचारतात, तुमचं नाव-पत्ता आक्षेपांच्या यादीत लिहून सही घेतात. थोडक्यात चौकशी होते. आक्षेप खोटा ठरला तर तुम्ही मत देता. खरा ठरला तर तुम्हाला बाहेर काढतात.

आता यातलं एक वाक्य पुन्हा वाचा. यादीतली नोंद वाचून दाखवतात. म्हणजे चॅलेंज होण्यासाठीसुद्धा नाव यादीत असावं लागतं. ज्याचं नावच नाही त्याला वाचून काय दाखवणार? मेसेजनं नियम नुसता चुकवलेला नाही, तो उलटा करून सांगितलाय. मतदाराला अडवण्याचं साधन मतदाराचं हत्यार म्हणून वाटलंय.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ६२ सरळ सांगतं की ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या चालू यादीत नाही, त्याला तिथे मत देता येत नाही. आधार, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, अगदी मतदार ओळखपत्रसुद्धा, हे सगळं "यादीतली ती व्यक्ती मीच" हे पटवण्यापुरतं. कार्ड आहे म्हणजे मत आहे, असं नाही. ही गोष्ट शिकल्यासवरल्या लोकांनाही माहीत नसते, आणि मेसेज नेमका त्या अज्ञानावर जगतो.

आणि यादीला शेवटची तारीख असते. उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही. २०२४ च्या विधानसभेला ती मुदत २९ ऑक्टोबर होती, आणि अर्जाची छाननी व्हायला वेळ लागतो म्हणून प्रत्यक्षात त्याच्याही काही दिवस आधी अर्ज जावा लागतो. हा मेसेज काय करतो? ज्या काळात काहीतरी करता येतं, त्या काळात तुम्हाला निवांत बसवतो. आणि ज्या दिवशी काहीच करता येत नाही, त्या दिवशी तुम्हाला रांगेत उभं करतो. "नुसता फॉरवर्डच तर आहे, पाठवला तर काय बिघडलं" म्हणणाऱ्यांनी आत्याला भेटावं.

"कोणी आधीच मत दिलं असेल तर टेंडर व्होट मागा"

हे खरं आहे. मान्य करायला जिवावर येतं, पण खरं आहे. ४९ पी या नियमाखाली, तुमच्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेलं असेल आणि ओळखीबद्दलच्या प्रश्नांना तुम्ही समाधानकारक उत्तरं दिलीत, तर तुम्हाला मत द्यायचा हक्क आहे. 'घरी जा' म्हणायचा अधिकार कोणाला नाही. हे लक्षात ठेवाच.

फक्त ते मत यंत्रावर नसतं. कागदी मतपत्रिका मिळते, शिक्का मारायचा, ती वेगळ्या पाकिटात जाते. नेहमीच्या मतमोजणीत ही पाकिटं उघडत नाहीत. निकाल अटीतटीचा होऊन प्रकरण कोर्टात गेलं तर त्यांना किंमत येते. राजस्थानात २००८ च्या विधानसभेला नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मतानं हरले, आणि तिथल्या टेंडर मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे हक्क खरा आहे. पण मेसेज वाचून वाटतं तसं ते मत त्याच संध्याकाळी मोजलं जाईल, असं नाही.

"१४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले की फेरमतदान"

खोटं. असा आकडा कायद्यात नाही, नियमांतही नाही. फेरमतदान होतं ते यंत्र नष्ट झालं, पळवलं, बिघडलं, केंद्र बळकावलं, दंगल झाली अशा कारणांनी, आणि ते निवडणूक आयोग ठरवतो. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

"नोटाला जास्त मतं पडली की निवडणूक रद्द"

लोकसभा-विधानसभेला नाही. नोटा आलं २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, आणि तिथे नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांमध्ये ज्याला जास्त तो निवडून येतो. आपल्या लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटा २७ हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होतं. इंदूरला २०२४ च्या लोकसभेत नोटाला २ लाख १८ हजारांहून जास्त मतं पडली, तिथेही दुसरा क्रमांक नोटाचाच. निवडणूक कुठेच रद्द झाली नाही. नोटा पहिलं आलं असतं तरी झाली नसती.

पण इथे महाराष्ट्रापुरती एक खरी गोष्ट आहे, आणि ती मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नसावी. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली, तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत अशा ठिकाणी. तेव्हा या दाव्याला अर्धा गुण.

"फॉरवर्ड करा, हीच आपली ताकद"

इथे माझा खरा राग आहे. इंटरनेटनं सामान्य मतदाराला ताकद दिली, हे शंभर टक्के खरं आहे. ती फॉरवर्डच्या बटणात नाही, एवढंच.

माझ्या लहानपणी मतदार यादी बघायची म्हणजे तहसील कचेरीत जायचं किंवा पक्षाच्या कार्यकर्त्याची वाट बघायची. यादी त्याच्या बगलेत असायची आणि चिठ्ठी तो द्यायचा. आज तीच यादी प्रत्येक केंद्राची, पानं न पानं, कोणीही घरबसल्या उतरवून घेऊ शकतो. आयोगाच्या साइटवर ओळखपत्राचा क्रमांक टाकला की नाव कुठल्या मतदारसंघात, कुठल्या भागात, कितव्या क्रमांकावर, सगळं समोर येतं. नवीन नावासाठी फॉर्म ६. चुकीच्या नावावर हरकत किंवा नाव वगळण्यासाठी ७. पत्ता बदलला किंवा नावात चूक असेल तर ८. आत्याला हवा होता तो ८ नंबरचा. उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे खटले सांगणारं प्रतिज्ञापत्र आपण घरात बसून वाचू शकतो. २००२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला नसता तर ते लिहूनच घेतलं नसतं. पैसे वाटताना दिसले तर आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या अ‍ॅपवर जागच्या जागी फोटो टाकता येतो.

आणखी एक, कारण ग्रुपवर दोघांनी विचारलं: महापालिकेसाठी वेगळी मतदार यादी कोणी बनवत नाही. विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेची घेतात आणि प्रभागवार फोडतात. त्या तारखेला नाव नसेल तर प्रभागातही नसणार. त्यामुळे "निवडणूक जाहीर झाली की बघू" म्हणू नका.

हे सगळं कंटाळवाणं आहे, कबूल. पुन्हा पुन्हा कॅप्चा भरावा लागतो. आमच्या भागाची मराठी यादी उतरवली तर तिच्यात नाव टाइप करून शोधता येईना, पानं डोळ्यांनीच वाचावी लागली. एका पानावर तीस चौकोन, प्रत्येकात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय. वगळलेल्या नावावर आडवा शिक्का. मेसेज पुढे ढकलायला दोन सेकंद लागतात, याला अर्धा तास लागतो. पण त्या अर्ध्या तासानं नाव येतं. दोन सेकंदांनी काहीच येत नाही.

डिसेंबरमध्ये मी आत्याला शेजारी बसवून फॉर्म ८ भरला. तिला चष्म्यातून ओटीपी वाचायला लावला, कारण हे तिच्या हातानं व्हायला हवं होतं. काही आठवड्यांनी बीएलओ बाई, म्हणजे आमच्या भागाची यादी सांभाळणाऱ्या कर्मचारी, घरी आल्या, कागद बघितले, "इथे कधीपासून राहता?" विचारलं, चहा न घेता गेल्या. त्यानंतर नाव आलं. आत्यानं ते पान छापून मागितलं.

मेसेज पुन्हा ग्रुपवर आला त्या रात्री मी तिला फोन केला, म्हटलं, तो परत आलाय, तुझ्याकडे आला तर विश्वास ठेवू नकोस. ती म्हणाली, "अगं, माझ्याकडे कालच आला. मी यादी काढून बसलेय. आमच्या विंगची नावं लावून बघतेय. दुसऱ्या मजल्यावरचे देशपांडे जाऊन दोन वर्षं झाली, त्यांचं नाव अजून आहे. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेचं नाही. तिला आत्ताच खाली बोलावलंय, फोन घेऊन ये म्हटलं. तो फॉर्म कितीचा गं, सहाचा की आठचा?"

मी विचारलं, लग्नाआधी माहेरच्या यादीत नाव होतं का तिचं?

"थांब, दार वाजलं. तिलाच विचारते."