उतरा!
‘खरा नेता कधीच माघार घेत नाही’ हे नेतृत्वावरच्या एका लेखात वाचलेलं वाक्य काही पटलं नाही बुवा. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका गोविंदा पथकात मी ६ वर्षं खालच्या थराला होतो. २०१२ साली ठाण्यात ९ थरांचा गिनीज विक्रम झाला, त्यानंतर तर जो तो थर वाढवायच्याच मागे. आमच्या पथकाचे म्होरके दादा मात्र शिट्टी तोंडात धरून खाली उभे. हंडीकडे बघायचेच नाहीत, नजर आमच्या गुडघ्यांवर.

एकदा सातवा थर लागत होता, डीजे जोरात, आणि शेजारच्या पोराचा पाय लटपटायला लागला. शिट्टी वाजली, ‘उतरा!’ हंडी दुसऱ्याच पथकाने फोडली. परतताना टेम्पोत कुरकुर सुरू झाली, तर दादा म्हणाले, ‘मी उतरवलंय, मला बोला.’ त्या पोराचं नाव काही शेवटपर्यंत घेतलं नाही.