कराचे साडेनऊ हजार आधी पाठवू नका

लालबागच्या माझ्या आत्याला कुरिअरने ४ लाख ८५ हजारांचा चेक आला. सोबत पत्र : ‘लकी ड्रॉमध्ये तुमची निवड झाली आहे, कराचे ९,५०० रुपये आधी पाठवा.’ आत्याने कुठल्याच ड्रॉमध्ये भाग घेतलेला नाही. तरी ती पैसे पाठवायला निघाली होती, कारण तिच्या भिशीच्या ग्रुपवर ‘बक्षिसाचा चेक खरा कसा ओळखावा’ असा मेसेज फिरतोय. मलाही तो दोन दिवसांत तिघांनी पाठवला.

मेसेज म्हणतो, चेक उजेडासमोर धरा. ‘सीटीएस-इंडिया’ वॉटरमार्क (कागदातच उमटलेली खूण) दिसला आणि चेकच्या तळाशी छापलेला नऊ आकडी एमआयसीआर कोड, म्हणजे बँक-शाखेचा क्रमांक, ४०० ने सुरू झाला की चेक खरा. ४०० म्हणजे मुंबई, एवढं बरोबर. साधी झेरॉक्स यात पकडली जाईल. पण खऱ्या चेकबुकातल्या पानावरही हवा तो आकडा लिहिता येतो. खात्यात तेवढे पैसे आहेत की नाहीत, हे कागद सांगत नाही.

सगळ्यात चीड येते ती कराच्या मुद्द्याची. ‘बक्षिसावर ३० टक्के कर असतो, म्हणून आगाऊ मागणं कायदेशीरच.’ ३० टक्के खरे आहेत. गाडीसारखी वस्तू लागली तर ती ताब्यात मिळण्याआधी कर भरला जावा लागतो, हेही नाइलाजाने मान्य. पण पैशांच्या बक्षिसात कर कापायची जबाबदारी देणाऱ्याची. आयकर कायदा हेच सांगतो (१ एप्रिल २०२६ आधी लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यात हे कलम १९४ब होतं). त्याने कर कापून सरकारकडे भरायचा आणि उरलेली रक्कम द्यायची. शिवाय ४,८५,००० चे ३० टक्के १,४५,५०० होतात. मग हे ९,५०० कुठल्या हिशेबाचे? आणि ते कुणा माणसाच्या यूपीआयवर कशाला?

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या ‘बी अवेअर’ पुस्तिकेत ही पद्धत जशीच्या तशी आहे. मोठ्या बक्षिसाचं आमिष, मग कर, प्रोसेसिंग फी. मागितलेली रक्कम बक्षिसापुढे किरकोळ वाटते आणि माणूस फसतो. आत्याही हेच म्हणाली, ‘अरे, पाच लाखांपुढे साडेनऊ हजार काय?’ ती पोळीभाजीचे डबे देते. साडेनऊ हजार जमवायला तिला किती पहाटे उठावं लागतं, ते मी पाहिलंय.

मेसेजमधलं ‘खात्यात आकडा दिसला की फी पाठवा’ हेही चूक. क्लिअरिंग, म्हणजे चेक वटण्याची प्रक्रिया, पूर्ण होण्याआधीही कधी कधी रक्कम दिसते. चेक परत आला की ती वजा होते, वर चार्जेस लागू शकतात.

‘बाऊन्स झाला तर कलम १३८ आहेच’ म्हणे! १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातलं, चेक न वटल्यास शिक्षेचं ते कलम कायदेशीर देणं फेडायला दिलेल्या चेकला लागतं. भागच न घेतलेल्या ड्रॉचं देणं कसलं? आणि नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवणार?

पत्रावरच्या नंबरवर चौकशी करू नका, तिथे तीच माणसं फोन उचलतात. चेकवर ज्या बँकेचं नाव आहे, तिच्या शाखेत जाऊन विचारा. पैसे पाठवून बसला असाल तर आत्ता, याक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आत्याचा चेक मी काढून घेतलाय. उद्या सकाळी तिचे डबे गेले की आम्ही दोघं शाखेत जाणार आहोत.