बावची चोळून उन्हात बसू नका
लेखात प्रकाशोपचाराने सोरायसिस हा खपल्या धरणारा त्वचारोग ‘कायमचा बरा’ होतो असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. आटोक्यात येतो, एवढंच. माझ्या आईने आठवड्यातून तीनदा नॅरोबँड यूव्हीबी घेतलं, म्हणजे ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा उपचार. डोळ्यांवर काळा गॉगल, पहिल्या दिवशी अर्धं मिनिटसुद्धा नाही, मग हळूहळू वेळ वाढवत नेला. कोपरावरच्या खपल्या जायला दोन महिने लागले. खरा वैताग रिक्षाच्या फेऱ्यांचा!

आणि हो, कोडावर बावची ही औषधी वनस्पती चोळून उन्हात बसायचा घरगुती उपाय कुणी करू नका. तिच्यातल्या सोरालेन नावाच्या द्रव्यामुळे कातडी उन्हाला भलतीच हळवी होते. आमच्या शेजारच्या काकांच्या पायावर द्राक्षाएवढे फोड आले होते.