‘भिऊ नको’ ३६५ वेळा? खुलासा

राखेच्या बुधवारपासून (ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) एक मेसेज पुन्हा फिरतोय: ‘बायबलमध्ये “भिऊ नको” हे शब्द बरोबर ३६५ वेळा आले आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक.’

हा आकडा खरा नाही. ‘भिऊ नका’, ‘घाबरू नको’ असे सगळे प्रकार धरूनही मोजणी साधारण शंभराच्या घरात जाते. भाषांतराप्रमाणे थोडी कमी-जास्त. शिवाय इस्राएल लोकांचे वर्ष चंद्रावर चालायचे, म्हणजे एरवी ३५४ दिवसांच्या आसपास. मग ३६५ चा हिशेब कोणासाठी?

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारचे शुभवर्तमान आठवा. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतानही शास्त्रवचनच सांगतो. स्तोत्र ९१ उद्धृत करताना ‘तुझ्या सर्व मार्गांत तुझे रक्षण’ हा भाग तो गाळतो आणि येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगतो. येशू तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातले वचन समोर ठेवतो. देवाच्या शब्दावर भरवसा असेल तर त्याला आपल्या पदरच्या आकड्याचा टेकू कशाला हवा? यशया ४१:१० एकदाच वाचा: ‘तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे.’ बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात घरदार गमावलेल्या इस्राएल लोकांना दिलेला हा धीर आहे.

मेसेज आधीच पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका आणि सोबत ते वचन पूर्ण द्या.