तेरा विजय आणि पदक नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण नुसतं 'काहीही' लिहून निघून जाणाऱ्यांपेक्षा शतपटीनं बरी. तुमचा मुद्दा बाकीच्या वाचकांसाठी आधी मांडतो. २०२४ च्या महिला व्हॉलीबॉल नेशन्स लीगमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत, ब्राझीलनं साखळीतले बाराच्या बारा सामने जिंकले. बँकॉकमधल्या अंतिम टप्प्यात उपांत्यपूर्व फेरीत थायलंडला हरवलं. मग उपांत्य फेरीत जपाननं त्यांना ३-२ असं गारद केलं आणि कांस्यपदकही पोलंडनं ३-२ असंच पळवलं. तेरा विजय, पदक नाही. यावर तुमचं म्हणणं असं की, बारा सामन्यांची मेहनत एका संध्याकाळी पुसायची असेल तर साखळी हवीच कशाला? तक्त्यात जो पहिला, त्यालाच चषक द्या. आणि अशा स्पर्धेचं मी कौतुक केलं म्हणून मला खेळ नाही, तमाशा आवडतो.

तमाशाचं राहू द्या. तुम्हाला हवी तशी स्पर्धा होती, त्याबद्दल बोलू. महिलांचा व्हॉलीबॉल विश्वचषक १९७३ पासून खेळला जात होता. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेगळी, हा वेगळा. त्याच्या शेवटच्या काही खेपांना बारा संघ, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, अंतिम सामना नाही. तक्त्यात वर असेल त्याचा चषक. २०१९ मध्ये चीननं अकराही सामने जिंकून तो नेला. निकाल अगदी न्याय्य होता. पण शेवटचा सामना उरलेला असतानाच चषक कुणाचा ते ठरून गेलं होतं. पुढचा सामना उरकायचा म्हणून उरकला. त्यानंतर त्या रूपात ती स्पर्धा झालीच नाही. न्याय आणि रंगत दोन्ही एकदम साधणारी रचना अजून कुणाला सापडलेली नाही. त्यातलं काय सोडायचं, एवढंच आयोजकांच्या हाती असतं.

माझा खरा आक्षेप तुमच्या 'बारा सामने वाया' या शब्दांना आहे. २०२४ ची साखळी आठवून पाहा. ब्राझील, तुर्कस्तान, अमेरिका, पोलंड, सर्बिया, डॉमिनिकन रिपब्लिक यांच्या खिशात पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट आदल्या वर्षीच्या पात्रता स्पर्धांतून आलेलं होतं. इटली, जपान, चीन, नेदरलँड्स यांच्याकडे नव्हतं. उरलेल्या जागा साखळी संपताना जागतिक क्रमवारीत कोण कुठे आहे, यावर ठरायच्या होत्या. २०२० पासून ही क्रमवारी प्रत्येक सामन्यानंतर हलते. समोरचा संघ किती बलाढ्य आणि निकाल ३-० की ३-२, दोन्ही धरले जातात. म्हणजे पहिले दोन सेट गमावलेल्या संघालाही तिसरा सेट सोडून देणं परवडत नाही. साखळीसाठी अंताल्या, मकाव, फुकुओका असं शहरोशहरी फिरताना इटली आणि जपान बहुतेक रोज ऑलिंपिकसाठीच खेळत होते. त्या सामन्यांचं बक्षीस बँकॉकच्या चषकात नव्हतंच, ते पॅरिसमध्ये होतं, आणि चौघांनाही ते मिळालं.

आता ब्राझील. हरले म्हणून कमी ठरले का? मुळीच नाही. दीड महिन्यानंतर पॅरिसमध्ये त्यांनी याच जपानला ३-० असं सरळ हरवलं, याच पोलंडलाही ३-० असंच, आणि शेवटी तुर्कस्तानला नमवून कांस्यपदक घेतलं. सरिना कोगाच्या नेतृत्वाखाली बँकॉकमध्ये अंतिम फेरी गाठणारा जपान पॅरिसच्या गटातूनच बाहेर पडला. दोन्ही निकाल खरे आहेत. बाद फेरी विचारते की आज, या कोर्टवर, पाचव्या सेटच्या पंधरा गुणांत कोण टिकतं. त्या सेटमध्ये बाजू बदलतात आठ गुणांवर. डोकं शांत करायलाही वेळ नसतो. ब्राझीलच्या जोसे रोबेर्तो गिमराइस यांच्यासारखा प्रशिक्षक, ज्यानं पुरुष आणि महिला दोन्ही संघांना ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलंय, त्यालाही तिथे हमी देता येत नाही.

आणि तुमचा नियम मागे लावून बघा. २०१६ च्या रिओमध्ये चीन गटात पाचपैकी तीन सामने हरला, चौथा येऊन कसाबसा पुढे सरकला. उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान ब्राझील, गटात एकही सेट न गमावलेला. चीन ३-२ असा जिंकला आणि प्रशिक्षक लांग पिंग यांच्या त्या संघानं सुवर्णच नेलं. (बिचाऱ्या ब्राझीलच्या वाट्याला हे दोनदा आलं, हे मात्र मलाही खटकतं.) तक्ता हाच शेवट मानला, तर तो चीन उपांत्यपूर्व फेरीत दिसलाच नसता.

तुम्हाला चिडायचंच असेल, तर जागा मी दाखवतो. २०२४ च्या त्या लीगमध्ये थायलंड साखळीत पहिल्या आठात नव्हता. यजमान म्हणून थेट अंतिम टप्प्यात आला. म्हणजे तक्त्यात आठवं स्थान कमावलेला एक संघ घरी गेला, तिकीटविक्रीसाठी. आणि पहिल्या क्रमांकाला मोबदला काय? हा सोपा प्रतिस्पर्धी, बस. एका सामन्यानंतर तो फायदा संपतो. माझं मत विचाराल तर यजमानानं जागा खेळून मिळवावी, आणि अव्वल संघाला आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडू द्यावा, उपांत्य फेरीतसुद्धा. ब्राझीलनं तेव्हा जपान निवडला असता की नाही, यावर तुमचं मत वाचायला आवडेल.