सिंगापूरमध्ये पीएफ कापत नाहीत म्हणे!

आमच्या दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकलं, 'खरी भांडवलशाही म्हणजे काय'. तसली मी वाचतही नाही, पण हे वाचावं लागलं, कारण दुसऱ्याच दिवशी भाच्याचा फोन, मामा नोकरी बदलतोय तर पीएफ सगळा काढून शेअर्समध्ये टाकतो, सिंगापूरमध्ये सरकार पगाराला हातसुद्धा लावत नाही म्हणून ते श्रीमंत झाले. हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: भांडवलशाही जगात एकच, सरकारने लांब राहायचं. सिंगापूर लांब राहिलं, वर गेलं. स्वीडन-डेन्मार्क समाजवादी आहेत. जर्मनीने कामगारांना बोर्डावर बसवलं आणि बुडाली. आणि अमेरिकेत सरकार धंद्यात पडत नाही.

आधी सिंगापूरचं बघू, कारण खरा घोळ तिथेच आहे. तिथे पीएफ आहे, त्याला सीपीएफ म्हणतात, १९५५ पासून म्हणजे इंग्रजांच्या काळापासून. त्यांच्याच साइटवर दरांचा तक्ता आहे, दोन मिनिटांचं काम, पण फॉरवर्ड करणाऱ्याकडे दोन मिनिटं कुठली. पंचावन्न वर्षांपर्यंतच्या कर्मचाऱ्याच्या पगारातून २० टक्के आणि कंपनीचे १७, एकूण ३७ टक्के. आपल्याकडे आपले १२ कापले तरी आपण कुरकुरतो. (एका मर्यादेपर्यंतच्याच पगारावर, आणि नागरिक नि कायम रहिवाशांनाच लागू, हे मान्य.) तो पैसा कुठे वापरायचा हेही सरकारच ठरवतं, घर, दवाखाना, म्हातारपण.

आणि घर कुणाकडून घ्यायचं? बहुतेकांनी सरकारकडूनच! दहातले जवळपास आठ रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहतात, तेही ९९ वर्षांच्या लीजवर. लग्न झालेलं नसेल तर नवीन फ्लॅट साधारण पस्तिशीनंतरच. १९८९ पासून तर एका इमारतीत चिनी, मलाय, भारतीय किती टक्के असावेत याचासुद्धा कोटा आहे. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला एवढे अधिकार मिळाले असते तर काय झालं असतं, विचार करा.

एवढी जमीन आली कुठून? १९६६ चा भूसंपादन कायदा. सरकारने खाजगी जमिनी घेतल्या आणि पुढे बरीच वर्षं भरपाई दिली ती १९७३ च्या गोठवलेल्या भावाने. म्हणजे १९८० मध्ये जमीन गेली तरी पैसे त्र्याहत्तरच्या हिशोबाने. आपल्याकडे एखाद्या मंत्र्याने हे नुसतं बोलून दाखवावं, दुसऱ्या दिवशी रस्ता बंद. आज देशातली बहुतेक जमीन सरकारचीच आहे. सिंगापूर एअरलाइन्सचा मोठा हिस्सा टेमासेक या गुंतवणूक कंपनीकडे, आणि टेमासेक आख्खी अर्थ मंत्रालयाची. याला लांब राहणं म्हणायचं असेल तर मग जवळ येणं कसं असतं?

हां, टॅक्स कमी आहेत, शेअर्सच्या नफ्यावर कर नाही, धंदा सुरू करणं सोपं आहे, आयातीवर जकात जवळजवळ नाहीच. तेवढं खरं आहे फॉरवर्डमधलं.

बाकीचं पटकन उरकतो. डेन्मार्क समाजवादी नाही, हे २०१५ मध्ये त्यांच्याच पंतप्रधान रासमुसेन यांनी अमेरिकेत जाऊन सांगितलं होतं, आमची मार्केट इकॉनॉमी आहे म्हणून. तिथे किमान वेतनाचा कायदाच नाही, युनियन आणि मालक बसून पगार ठरवतात. नोकरीवरून काढणं तसं सोपं, पण बेकारी विमा भरलेला असेल तर दोन वर्षांपर्यंत भत्ता. स्वीडनने वारसा कर २००४ मध्ये काढला, तोही डाव्या विचारांच्या सोशल डेमोक्रॅट सरकारने, २००७ मध्ये संपत्ती करही गेला. म्हणा आता याला समाजवाद.

जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं आकसली हे खरंय. पण कामगारांना बोर्डावर बसवलं म्हणून? तो कायदा १९७६ चा आहे! दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीत देखरेख मंडळाच्या अर्ध्या जागा कामगारांच्या, आणि त्यानंतर कित्येक वर्षं हाच देश जगाला गाड्या आणि मशीन विकत होता. रशियाचा स्वस्त गॅस बंद झाला ते फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. अमेरिकेचं म्हणाल तर २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली तेव्हा साठ टक्के शेअर्स सरकारनेच घेतले होते.

हे सगळं ग्रुपवर टाकलं, तर दाजींनी एक अंगठा टाकला, म्हणजे वाचलं नाही. भाच्याला मात्र सीपीएफचा तक्ता पाठवला, वर हेही सांगितलं की पाच वर्षं व्हायच्या आत पीएफ काढलास तर त्यावर टॅक्स लागेल. बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत होतं, मग त्याने विचारलं, "मामा, मग तिकडे शंभरातले हातात येतात किती?"

ऐंशी, बाळा. आणि इन्कम टॅक्स वेगळा.