पेटी केवढ्याला दिली?

रविवारी जुन्या बाजारात एका काकांनी मला भंगारवाला समजून माझ्याशी घासाघीस केली. समजले त्याचा राग नाही एवढा, राग याचा आहे की सुरुवातच दीडशेपासून केली.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत आहे आणि भरतो बुधवारी आणि रविवारी, म्हणजे जे काय होणार त्याची सूचना आधीच दिलेली असते. तर तिथे मला पाच कप्प्यांची जुनी लोखंडी टूलबॉक्स मिळाली, ती मधोमध उघडते ना, दोन्ही बाजूला ओढलं की कप्पे पट्ट्यांवर वर उचलले जाऊन बाहेर पसरतात, ती. साडेआठशेला घेतली. आत मागच्या मालकाचे दोन पाने, एक मोडकं हॅक्सॉ ब्लेड आणि ग्रीसचा एक गोळा फुकट. मित्र गाडी काढायला गेला आणि मी फूटपाथच्या कडेला पेपर पसरून बसलो, कारण पँट नवीन होती. वेळ जात नव्हता म्हणून पेटी उघडून पट्ट्यांचे रिव्हेट बघत होतो, पाने पेपरवर काढून ठेवले. बस, एवढंच.

काका आले. हातात कापडी पिशवी, पिशवीतून कोथिंबीर डोकावतेय.

"केवढ्याला दिली?"

"काय?"

"पेटी हो."

"नाही नाही काका, विकायची नाहीये. मी घेतलीये."

"घेतली असणारच. घेतल्याशिवाय विकणार कशी? केवढ्याला देणार ते बोला."

"अहो मी इथे विकायला नाही बसलो."

काकांनी पेपरकडे बघितलं, पेपरवरच्या पान्यांकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, ज्यांना कोपरापर्यंत ग्रीस होतं. "मग काय ऊन खायला बसलात? दीडशे देतो. बघा."

आता इथे शांतपणे उठून जायला पाहिजे होतं वगैरे सगळं मान्य, पण चौदा किलोची पेटी घेऊन माणूस कुठे जाणार, आणि दीडशे हा आकडा ऐकून मला इतकं लागलं होतं की मी म्हणालो, "दीडशेत याची बिजागरी पण येणार नाही." झालं. काकांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान. म्हणजे आता व्यवहार सुरू झाला.

ते उकिडवे बसले. पेटी बोटाने वाजवली. झाकण उघड-बंद केलं. गंजावर नख घासून ते नख मलाच दाखवलं. "गंज आहे."

"आहे ना, तो काढणार आहे मी."

"काढून मग केवढ्याला देणार?"

मग कळलं काकांना पेटी कशाला पाहिजे. ते त्यांच्या मंडळाचे खजिनदार आणि मंडळाला दानपेटी हवी. तयार दानपेटीचे भाव ऐकून त्यांना म्हणे घाम फुटला होता. "हिला वरून एक चीर पाडली की काम झालं."

सत्तरच्या दशकातली असावी ती पेटी, कोणीतरी हाताने बसवलेले रिव्हेट आहेत तिला, आणि हा माणूस तिला चीर पाडणार. मी म्हणालो, काका, हिला वरती झाकण असं एक नाहीये, ही मधोमध उघडते.

"मग चीर आहेच की! ती फट ग्राइंडरने जरा रुंद करून घेतली की झालं."

"आणि आतले कप्पे?"

"ते तर उलट बरंच आहे. एकात नोटा, एकात चिल्लर, एकात त्या फाटक्या नोटा टाकतात ना लोक, त्या."

"पण वरून टाकलेली नोट कुठल्या कप्प्यात जायचं हे कसं ठरवणार?"

काका विचारात पडले. खरोखर पडले, कोथिंबीर खाली ठेवून. मग म्हणाले, "ते कार्यकर्ते बघतील."

एव्हाना चार माणसं जमली होती. पुण्यात दोघं बोलताना दिसले की तिसरा थांबतोच, त्यात मी पेपर पसरून बसलेलो. कानात ते पांढरे बड्स घातलेला एक मुलगा म्हणाला, अंकल इन्स्टावर टाका, कॅफेवाले घेतात. हे तेवढं बरोबर बोलला आणि तेच माझं दुसरं दुखणं आहे. आधी ही पेटी भंगाराच्या भावाने किलोवर मिळायची, आता प्रत्येक कॅफेला काउंटरवर एक पाहिजे, त्यात टिश्यू नाहीतर मनीप्लँट. मनीप्लँटसाठी तळाला भोकं पाडतात हो! पाणी जायला! लोखंडाच्या पेटीतून! आणि वर त्या गंजालाच रस्टिक लुक म्हणून क्लिअर लॅकर मारतात, म्हणजे रोग तसाच ठेवून वरून काच बसवायची. असो.

शेजारचा पथारीवाला आला, तो काकांना नाही, मलाच म्हणाला, "इथं धंदा लावायचा नाही, ही जागा भावाची आहे माझ्या." मी म्हणालो मी गिऱ्हाईक आहे. तो म्हणाला सगळे असंच सांगतात.

आणि तेवढ्यात ज्याच्याकडून मी पेटी घेतली तोच माणूस चहाचा कप घेऊन समोरून. मला वाटलं, आला साक्षीदार. काकांनी त्यालाच विचारलं, "काय हो, ही दीडशेला ठीक आहे का?"

त्याने पेटीकडे बघितलं, माझ्याकडे अजिबात बघितलं नाही. "दीडशे? काका, हिला शंभरला कुणी घेत नाही."

अर्ध्या तासापूर्वी याच माणसाने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं की पेटी मिलिटरीची आहे. जुन्या बाजारात हिरवा रंग दिसला की वस्तू मिलिटरीची होते. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे त्यामुळे गोष्ट पटते पण चटकन, मात्र खऱ्या दारूगोळ्याच्या पेटीवर स्टेन्सिलने लॉट नंबर, वर्ष वगैरे छापलेलं असतं आणि झाकणाला बहुतेक वेळा रबराची पट्टी असते. माझ्या पेटीवर हिरव्याखाली निळा निघाला आणि निळ्याखाली लाल. मिलिटरी कसली, कुठल्यातरी गॅरेजची.

"मग शंभर," काका म्हणाले.

मित्र आला तेव्हा हसून हसून गाडीवरच वाकला. त्याने म्हणे लांबून बघितलं तेव्हा त्यालाही वाटलं कोण बसलंय. असले मित्र.

घरी वेगळी कथा. यूट्यूबवर बघितलं तर अमेरिकेतले लोक त्यांच्या केनेडीच्या पेट्या रिस्टोअर करत असतात, ओहायोतली कंपनी, १९११ पासूनची, त्यांचा तो सुरकुत्यांचा तपकिरी रंग प्रसिद्ध आहे. त्या लोकांकडे गॅरेज असतं. गॅरेजात सँडब्लास्टिंगचं कपाट असतं. माझ्याकडे गॅलरी आहे, त्यात वॉशिंग मशीन आहे. मी किराणावाल्याकडे एक किलो लिंबूसत्त्व मागितलं तर तो म्हणाला ढोकळ्याची ऑर्डर घेतली का. कप्पे लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवले की सकाळी गंज ब्रशने निघतो, मग लगेच सोड्याच्या पाण्याने धुऊन पुसून कोरडे करायचे, नाहीतर पुण्याच्या पावसाळ्यात तासाभरात परत पिवळे. पेटीचं धड टबात मावत नाही, त्याचा गंज विजेने काढायचा, म्हणजे बॅटरी चार्जर लावावा लागतो: मोठ्या ड्रममध्ये धुण्याच्या सोड्याचं पाणी, पेटीला निगेटिव्ह, पॉझिटिव्हला एखादी लोखंडी सळई. स्टीलचा चमचा लावायचा नाही, स्टेनलेसमधून क्रोमियमचं विष निघतं. आणि खिडकी उघडी, कारण हायड्रोजन सुटतो. हे सगळं मी जेवताना बायकोला समजावून सांगितलं. तिने फक्त विचारलं, "नवीन केवढ्याला मिळते?"

सगळे हेच विचारतात! नवीन मिळते, प्लास्टिकची, तिच्यात पाना जरा जोरात टाकला की तळ तडकतो आणि खटका वर्षात तुटतो. पण ते कोणी ऐकून घेत नाही. जुना रंग कोरडा घासायचा नाही, त्यात शिसं असू शकतं, आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भागांच्या) आत ठेवायचा नियमच २०१६ साली आला, म्हणून मी बिचारा पाणी लावून वॉटरपेपरने, मास्क घालून घासतो, तर खालच्या मजल्यावरून निरोप येतो की पाणी ठिबकतंय. पेटीला द्यायला हॅमरटोन ग्रे रंग घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, खिडकीच्या ग्रिलला ना? मी हो म्हणालो. कंटाळा येतो हो माणसाला.

काकांनी त्या दिवशी जाताना माझा नंबर घेतला होता. मी दिला, कारण त्याशिवाय ते हलत नव्हते. तेव्हापासून रोज सकाळी सुप्रभात आणि एक गुलाब. काल रात्री फोन आला. "रंग दिला का? भगवा द्या, मंडळाला बरं दिसेल." मी ब्लॉक करणारच होतो, तेवढ्यात म्हणाले मंडळाच्या गोडाऊनमध्ये अशीच एक पेटी पडलीये, मोठी, ड्रॉवरवाली, किल्ली हरवलीये, वर इंग्लिशमध्ये काहीतरी उठावदार लिहिलंय पण रंगाखाली वाचता येत नाही.

माझा आवाज जरा बदलला असणार. म्हटलं, काका, केवढ्याला देणार?

"आधी तुम्ही तुमची केवढ्याला देताय ते बोला."